जुना कॉम्प्रेसर का गेला, ते आधी विचारा

उन्हाळा तोंडावर आला की घराघरांत एकच प्रश्न निघतो. गाडीचा एसी थंड हवा देत नाही, मिस्त्री म्हणतात कॉम्प्रेसर गेला, बदलावा का? या महिन्यात याच प्रश्नाकडे वळू.

गाडीतला एसी ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या भागात ते पूर्ण खरे नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जाणे नवे नाही. गडचिरोलीहून आजारी आईला किंवा बाळंतिणीला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे तर वाटेत तीन-चार तास जातात. सिरोंचा-भामरागडहून दिवसाचा मोठा भाग. काच उघडली की झळ आणि धूळ आत येते, बंद ठेवली की गाडीची भट्टी होते. म्हणून ही दुरुस्ती नीट व्हावी, आणि पैसाही वाया जाऊ नये.

कॉम्प्रेसर हा एसीचा पंप. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि गॅस दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसवलेली जाळी. तिथे उष्णता बाहेर पडते आणि गॅसचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा शोषतो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो कूलिंग कॉइलमध्ये जातो, पुन्हा गॅस होतो आणि गाडीतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसरला लागणारे तेलही याच गॅससोबत फिरते. गॅस गळाला की तेल पोचेनासे होते, आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून घासला जातो.

म्हणजे कॉम्प्रेसर बहुधा आपणहून मरत नाही, त्याला दुसरे काहीतरी मारते. आमच्याकडे धूळ हे त्याचे मोठे कारण. घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, सूरजागडहून लोहखनिज नेणारे ट्रक आणि जंगलरस्त्यावरचा पालापाचोळा, हे सगळे कंडेन्सरच्या जाळीत अडकते. उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. अशा गाडीत जाळी साफ न करता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

तेव्हा आधी स्वस्त गोष्टी पाहून घ्याव्यात. फ्यूज आणि रिले ठीक आहेत का? कंडेन्सरचा पंखा फिरतो का? गेज लावून गॅसचा दाब पाहिला का? गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसरचा क्लच मुद्दामच लागू दिला जात नाही; ती यंत्रणेची सुरक्षा आहे, बिघाड नव्हे. गॅस कमी आढळला तर नुसता वरून भरू नये, गळती शोधावी. घरघर येत असेल तर कधी कधी फक्त क्लचचे बेअरिंग गेलेले असते आणि अनेक गाड्यांत ते वेगळे बदलता येते.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, तर पाइप सोडल्यावर आतले तेल पाहायला सांगा. तेल काळे असेल किंवा त्यात धातूचा चुरा चमकत असेल, तर तो चुरा पुढेही गेलेला असतो. मग पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करणे, एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलणे गरजेचे. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की चुरा धुऊन निघत नाही. बहुतेक वेळा तोही बदलावा लागतो. ड्रायर तर प्रत्येक वेळी नवा हवा. तेल कंपनीने सांगितलेल्या जातीचे आणि मोजून टाकावे. त्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि तो टिकतो का ते पाहणे. शेवटी गॅस वजनावर भरावा. आकडा बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो.

जुना गॅस हवेत सोडून देण्याची सवय मात्र वाईट. बहुतेक गाड्यांतल्या आर-134ए गॅसचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहून जास्त तापमानवाढ करतो. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली करारदुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली आहे. ज्या उन्हापासून वाचायला एसी लावायचा, तेच ऊन आपण वाढवायचे, हे शहाणपणाचे नाही. गॅस यंत्राने काढून घेणारे गॅरेज असेल तर तिथेच जावे.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. बॉनेटखालचा बिघाड हीसुद्धा अशीच आतली ओल आहे. ती गिऱ्हाइकाला दिसत नाही, मिस्त्रींना दिसते. म्हणून गिऱ्हाइकाची गाडी ही त्यांच्याकडची अमानत आहे. आपल्या घरांतली पुष्कळ मुले गॅरेजात काम करतात. त्यांना आम्ही सांगू की काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या, काळे तेल दाखवा, आणि बेअरिंगवर भागत असेल तर तसेच सांगा. दोन पैसे कमी मिळतील, पण बरकत त्यातच आहे. हे काम पद्धतशीर शिकायचे तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे.

जबाबदारी एकट्या मिस्त्रींची नाही. बिघाड शोधण्यात त्यांचा तास-दीड तास जातो आणि आपण म्हणतो, नुसते पाहण्याचे कसले पैसे? ड्रायर आणि फ्लशिंगचा खर्च कापायला लावतो, आणि महिन्याभरात कॉम्प्रेसर बसला की त्यांनाच दोष देतो. तपासणीची मजुरी ही हक्काची मजुरी आहे. ती घासाघीस न करता द्यावी. बिलावर बदललेल्या भागांची नावे लिहून घ्यावीत, कारण ड्रायर बदलल्याची नोंद नसेल तर नव्या कॉम्प्रेसरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

आणि दुरुस्तीनंतर दोन सवयी लावून घ्याव्यात. कंडेन्सरची जाळी महिन्यातून एकदा साध्या, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. हिवाळ्यातही आठवड्यातून पाच-दहा मिनिटे एसी चालू ठेवावा, म्हणजे तेल फिरून सील ओले राहतात. एवढे केले तर कॉम्प्रेसर, इन्शाअल्लाह, पुष्कळ उन्हाळे साथ देईल.