गणनशक्ती कोणाच्या मालकीची?

शिरपूर हे आता केवळ कापसाचे गाव राहिलेले नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे हजारो तरुण येथे राहतात, आणि त्यांतील सधन घरांतल्या काहींच्या मनात एका यंत्राचा संकल्प घोळत असतो : पाण्याने थंड राखलेला, दोन ग्राफिक्स कार्डांचा, खेळासाठी बांधून घेतलेला संगणक. ‘चंगळवाद’ एवढा एक शब्द उच्चारून हा विषय निकालात काढण्याची प्रवृत्ती आपल्या कार्यकर्त्यांत आढळते. ती चुकीची आहे आणि चळवळीला महाग पडणारी आहे.

प्रथम हिशेब मांडू. एन्व्हिडिया कंपनीचे आर.टी.एक्स. ५०९० हे कार्ड जानेवारी २०२५ मध्ये १,९९९ डॉलर किमतीला जाहीर झाले. दोन कार्डे, त्यांवरील कर आणि उरलेले यंत्र धरता खर्च सहा लाख रुपयांच्या घरात जातो. एक कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. सर्व मिळून यंत्राचा भार सुमारे १,४०० वॉट, म्हणजे पाच तासांस सात युनिटे. ही सारी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही; ते तिला नळीतून रेडिएटरपर्यंत नेते आणि खोलीच्या हवेत सोडते. त्या हवेहून थंड ते होऊ शकत नाही. खानदेशातल्या मे महिन्यात याचा अर्थ एवढाच की, वातानुकूलनाचा खर्चही आलाच. मात्र बंदिस्त नळीतले हे पाणी लिटर-दीड लिटरच असते आणि तेच पुनःपुन्हा फिरते. दुष्काळाचे नाव घेऊन या विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. पाणी पितात ती बाष्पीभवनाने थंड राखली जाणारी, कंपन्यांची डेटा सेंटरे.

एवढे करून खेळाला लाभ काय? जवळजवळ शून्य. एकाच खेळासाठी दोन कार्डे जोडण्याची सोय ह्याच कंपनीने २००४ पासून गाजावाजा करून विकली, आणि २०२० च्या ३०९० या कार्डाच्या पिढीनंतर खेळाच्या कार्डांवरून ती जोडणीच काढून टाकली. आजचे बहुतेक नवे खेळ दुसऱ्या कार्डाला कामच देत नाहीत. उरते ते काचेच्या पेटीतले मिरवणे. व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचे जे विवेचन केले, त्याला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु हीच जोडी त्रिमितीय चित्रणाला, अभियांत्रिकी गणितांना किंवा भाषेची प्रारूपे घडविण्याला लावली, तर दोन्ही कार्डे पूर्ण राबतात. खेळणे म्हणून दुसरे कार्ड निरर्थक, अवजार म्हणून मोलाचे. आणि ते अवजार एका घरात दिवसाचे एकोणीस तास झाकून पडलेले! खरा अंतर्विरोध हा आहे. ज्या विद्यार्थ्याला त्याची गरज आहे त्याच्याकडे सहा लाख नाहीत, आणि ज्याच्याकडे सहा लाख आहेत त्याला त्याची पुरी गरज नाही.

सार्वजनिक क्षेत्राला हे काम जमत नाही, असे सांगणाऱ्यांनी इतिहास आठवावा. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना १९७८ मध्ये आय.बी.एम.ने भारत सोडला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सरकारी कंपनीने पेलली. महासंगणक देण्यास अमेरिकेने खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये अनेक प्रोसेसर एकत्र जोडून तिने ‘परम ८०००’ घडविला. पुढे २००१ मध्ये सी.एम.सी. टाटांना विकली गेली, ती धोरण म्हणून. आता मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेत सरकार कंपन्यांच्या केंद्रांतील कार्डे सवलतीच्या भाड्याने उपलब्ध करून देते. अनुदान जनतेचे, यंत्रे कंपन्यांची.

याला पर्याय आहे. दहा अशा यंत्रांचे सार्वजनिक गणनकेंद्र साठ लाखांत उभे राहील. महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांसाठी यंत्रांचा खर्च सुमारे २१५ कोटी. त्या मोहिमेच्या तरतुदीच्या जेमतेम दोन टक्के. वीज, जागा आणि तंत्रज्ञ यांचा खर्च वेगळा, पण १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांना अनुदान देणाऱ्या राज्याला तो अशक्य नाही.

सामाईक साधनाचा अर्थ शिरपूरला शिकवावा लागत नाही. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून ह्या तालुक्यात नाले रुंद-खोल करून बंधारे बांधले गेले आणि विहिरींना पाणी आले. त्यातला दुसरा धडाही विसरू नये : मुरलेले पाणी अधिक मिळते ते ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्याला. गणनकेंद्राचेही तसेच होईल. नियम नसतील तर घरी संगणक असलेलीच मुले तेथील तास बळकावतील. म्हणून निम्मे तास वसतिगृहांतील आदिवासी व भूमिहीन कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावेत, आणि अहिराणी व पावरी बोलींच्या ध्वनिमुद्रणांवरील कामाला अग्रक्रम द्यावा.

साथींनो, त्या तरुणाची चेष्टा करून आपण त्याला विक्रेत्याच्या हवाली करतो. त्याची यंत्राची ओढ खरी आहे. त्याला आणि यंत्र कधीच न परवडणाऱ्या त्याच्या वर्गमित्राला एकाच मागणीवर उभे करणे, हे आपले काम आहे. तालुका शाखांनी तसा ठराव करून पंचायत समिती व जिल्हाधिकारी यांच्यापुढे ठेवावा.