वाजते आहे ना, मग झाले!

दिवाळीची साफसफाई निघाली की ज्या वस्तूंवर पहिली कुऱ्हाड कोसळते, त्यांत अलीकडे सीड्यांचा नंबर बराच वर लागतो. कपाटाच्या खालच्या खणातून धुळीने माखलेला डबा निघतो. त्यातून नाट्यसंगीत निघते, भावगीते निघतात, आजोबांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाची, वर शाईने तारीख लिहिलेली एखादी सीडी निघते, आणि "आता हे वाजवायचे कशावर?" या एका प्रश्नासरशी साऱ्यांची रवानगी भंगारात होते. ज्यांचे दैव थोडे बरे, त्या गॅलरीत सुतळीला टांगल्या जातात. कशासाठी? तर कबुतरे बुजावीत म्हणून! ज्या गळ्यांनी घरातल्या तीन पिढ्यांना डोलवले, त्यांच्या नशिबी अखेर कबुतरे हाकलणे यावे, यापरती विटंबना कोणती?

पण वाचकहो, माझे खरे भांडण या फेकणाऱ्यांशी नाही. ते निदान प्रामाणिक आहेत. नको म्हणतात आणि टाकतात. माझे भांडण आहे ते 'जपणाऱ्यां'शी. हा जपणारा गृहस्थ काय करतो? सीडी संगणकात घालतो, समोर येईल ते बटण दाबतो, चहा होईतो सगळी गाणी एमपीथ्री करून उतरवतो, त्यातले एखादे दहा सेकंद ऐकतो, "वाजते आहे ना, मग झाले!" असे म्हणतो आणि मूळ सीडी निश्चिंत मनाने रद्दीवाल्याला देतो. फेकणाऱ्याने वस्तू गमावली. या जपणाऱ्याने वस्तूही गमावली आणि ती गमावल्याची जाणीवही गमावली!

मी शाळामास्तर आहे. गणिताचे उत्तर आले म्हणून गणित सुटले, असे आम्ही मानीत नाही. मुलाला आम्ही पडताळा पाहायला लावतो. भागाकार केलास ना, मग भाजकाने गुणून बाकी मिळव आणि भाज्य येते का बघ. आयुष्यभर मुलांना हे सांगणारे आपण, घरातला सूर उतरवून घेताना मात्र पडताळ्याचे नाव काढीत नाही.

कुणी म्हणेल, सीडीवर तर आकडेच असतात. आकड्यांची नक्कल चुकेल कशी? इथेच बहुतेक लोक फसतात. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यात एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे दर सेकंदाला १४,११,२०० बिटे. धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे यांतून ही बिटे बिघडतात, म्हणून त्यांना रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीचे कवच घातलेले असते. त्याच्या जोरावर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडाही यंत्र निभावून नेते. पण नुकसान त्यापलीकडे गेले की यंत्र काय करते? गप्प बसते? मुळीच नाही. मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून मधली जागा भरून टाकते! उत्तर येत नसले की शेजारच्या ओळींवरून काहीतरी ठोकून देणाऱ्या विद्यार्थ्याचीच ही रीत. गाणे चालू ठेवायचे असेल तर हे सौजन्य समजू. पण कायमची नक्कल करताना हीच लबाडी होते, कारण तुमच्या फायलीत ती अंदाजाची भर मूळ म्हणून बसते आणि कुणालाही पत्ता लागत नाही.

माहिती साठवण्याच्या सीडीवर ही लबाडी चालत नाही. तिथे २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात माहितीला २,०४८ बाइटच देतात. उरलेले पत्ता सांगायला आणि चुका पकडून दुरुस्त करायला राखलेले असतात. गाण्याच्या सीडीत सगळेच्या सगळे २,३५२ बाइट आवाजाचे. म्हणजे हिशेबाच्या कागदांना दुहेरी पहारा आणि गाण्याला एकेरी! म्हणून गाण्याचा पहारा आपल्याला बाहेरून करावा लागतो, आणि तो करणारी सॉफ्टवेअरे जगात आहेत.

जर्मनीच्या आंद्रे वीटहोफ यांनी १९९८ साली 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सॉफ्टवेअर काढले. विंडोजवर ते चालते आणि घरगुती वापरासाठी फुकट मिळते. मॅकसाठी 'एक्सएलडी' आहे, लिनक्ससाठी 'व्हिपर'. हे सगळे इंजिनियरांचे काम, असे म्हणून हात झटकू नका; मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. एकदा तासभर बसून चार गोष्टी नीट लावायच्या, की पुढच्या साऱ्या सीड्यांची सोय झाली.

पहिली गोष्ट, वाचण्याची पद्धत 'सिक्युअर' ठेवायची. या पद्धतीत सॉफ्टवेअर प्रत्येक खंड निदान दोनदा वाचते. दोन्ही वाचने जुळली नाहीत तर पुन्हापुन्हा वाचते, अगदी ८२ वेळांपर्यंत. आणि तरीही जमले नाही तर कुठे जमले नाही ते वेळेसकट कबूल करते. दुसरी गोष्ट, ड्राइव्हची आठवण. पुष्कळ ड्राइव्ह नुकतेच वाचलेले आपल्याजवळ धरून ठेवतात आणि "पुन्हा वाच" म्हटले की सीडीकडे न पाहता तेच पुढे करतात. स्वतःच्याच जुन्या उत्तरावरून नवे उत्तर उतरवणाऱ्या मुलाला दोनदा तपासून काय हाती लागणार? म्हणून ही आठवण पुसून मगच वाचायला लावणारी खूण सेटिंगमध्ये करायची. तिसरी गोष्ट, ड्राइव्हची चाल. प्रत्येक बनावटीचा ड्राइव्ह वाचायला किंचित आधी किंवा नंतर सुरुवात करतो. कुणाचा फरक ६ नमुन्यांचा, कुणाचा ६६७ नमुन्यांचा. कानाला हा फरक कळायचा नाही, पण पडताळ्याचा मेळ मात्र त्यावाचून बसायचा नाही. चौथी गोष्ट म्हणजे 'टेस्ट अँड कॉपी': एकदा नुसते वाचायचे, एकदा उतरवायचे आणि दोन्ही वेळच्या तपासणीच्या आकड्यांची तुलना करायची. तोच आपला पडताळा.

उतरवायचे ते 'फ्लॅक'मध्ये. हा साचा २००१ साली आला. तो आवाजातले काहीही न टाकता जागा वाचवतो, पुष्कळदा निम्म्यापर्यंत. उलट १२८ च्या एमपीथ्रीत मूळच्या अकरा भागांतला जेमतेम एक भाग उरतो. प्रवासात ऐकायला एमपीथ्री हवी तर खुशाल करा. पण फ्लॅकवरून करा. फ्लॅकवरून एमपीथ्री कधीही होते. एमपीथ्रीवरून मूळ आवाज ब्रह्मदेवालाही परत आणता येणार नाही.

आता विरोधकांकडे वळू. ते म्हणतात, "सगळे तर फोनवर मिळते!" मिळते, पण कुणाच्या मर्जीने? तिथले गाणे कंपन्यांच्या करारावर राहते. करार संपला की एका रात्रीत नाहीसे होते. पुष्कळदा गीतकाराचे नावही तिथे सापडत नाही. आणि आजोबांच्या पंचाहत्तरीचे भाषण कुठली कंपनी तुम्हाला ऐकवणार आहे? ते म्हणतात, "सीडी कुठे बिघडते?" इंग्लंडातील ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या कित्येक सीड्या पुढे तांबूस पडून निकामी झाल्या, वरचा लाखेचा लेप सोबतच्या पुस्तिकेच्या कागदातील गंधकापुढे टिकला नाही. या तर कारखान्यातल्या छापील सीड्या! घरी संगणकावर भरलेल्या सीडीचा आवाज रंगद्रव्याच्या थरात असतो. ऊन आणि उष्णता लागली की तो थर बिघडतो. म्हणून घरगुती सीड्या आधी उतरवा, छापील मागून. ते म्हणतात, "एवढे आमच्या कानाला कळत नाही." कबूल! पण ही नक्कल केवळ तुमच्या कानासाठी नाही. मूळ गेल्यावर तीच मूळ होणार आहे. नातवाचा कान कसा असेल, हे ठरवणारे तुम्ही कोण?

आणि आता ज्यासाठी लेखणी उचलली ते सांगतो. 'ॲक्युरेटरिप' नावाची एक जागतिक नोंदवही आहे. तुम्ही सीडी उतरवली की तुमचा तपासणीचा आकडा, तीच सीडी उतरवलेल्या इतरांच्या आकड्यांशी ती ताडून पाहते. या युक्तीतले शहाणपण बघा. तुमच्या सीडीवरचा ओरखडा आणि परक्या देशातल्या एखाद्याच्या सीडीवरचा ओरखडा एकाच जागी नसतो. म्हणून दोघांचा आकडा जुळला, तर दोघेही खरे. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे एकमेकांची साक्ष काढतात! पण इंग्रजी गाण्यांच्या सीडीला तिथे शेकड्यांनी साक्षीदार मिळतात, आणि माझ्या कपाटातील कित्येक मराठी सीड्यांना एकही मिळाला नाही. सॉफ्टवेअर नम्रपणे सांगते, ही सीडी नोंदवहीत नाही. संगीताचा एवढा अभिमान मिरवणाऱ्या आम्हा मराठी माणसांच्या गाण्याला जगाच्या नोंदवहीत साक्षीदार नसावा, याची लाज सॉफ्टवेअरला वाटणार आहे की आपल्याला?

ही लाज सरकार दूर करणार नाही आणि कंपन्याही करणार नाहीत. ते घराघरांतूनच व्हायला हवे. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो, म्हणून जोडायचा एक ड्राइव्ह चार घरांनी मिळून घ्या. शेजारच्या पोराला दिवाळीच्या सुटीत या कामाला बसवा. गाण्यांची नावे देवनागरीत लिहा, फ्लॅकमध्ये ती बिनचूक राहतात. गीतकार, संगीतकार, साथीदार सगळे लिहा, पुस्तिकेची छायाचित्रे घ्या. उतरवल्याचा अहवाल फायलींसोबत ठेवा आणि सगळ्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. ही नक्कल आपल्या घरासाठी आहे, गावभर वाटण्यासाठी नव्हे. कलावंताच्या पोटावर पाय देऊन त्याचा सूर जपता येत नाही. आणि आपला आकडा त्या नोंदवहीत न विसरता पाठवा. त्यात गाण्याचा एक सूरही जात नाही; जातो तो फक्त पडताळा.

उद्या नागपूरच्या, पणजीच्या किंवा न्यू जर्सीच्या एखाद्या मराठी घरात तीच सीडी कुणी उतरवील, आणि "नोंद नाही" याऐवजी त्याच्या पडद्यावर येईल : एक साक्षीदार मिळाला. तो साक्षीदार तुम्ही व्हा.