वेफरची पाकिटे आणि व्यापाऱ्याचा धर्म

सिल्वासातील कोणत्याही किराणा दुकानाच्या दाराशी आज प्रथम नजर जाते ती वेफरच्या रंगीत पाकिटांच्या माळांकडे. कंदमूळ अनंतकाय म्हणून आमच्या पुष्कळ घरांत बटाटा शिजत नाही; परंतु तोच बटाटा आमच्या गल्ल्यावरून विकला जातो, आणि आमचीच मुले तो दुकानात बसून खातात. या विसंगतीचा विचार स्मरणिकेत करावयाचा नाही, तर कोठे?

बटाटा हा शब्दच मुळी पोर्तुगीज. ज्या राजवटीतून हे गाव २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले, तिच्याच भाषेतून तो मराठीत आला. राजवट गेली, बटाटा मात्र राहिला.

धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून आरोग्याचा पाहू. कच्च्या बटाट्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते आणि स्निग्धांश नाममात्र. तळणात पाणी निघून जाते व तेल शिरते. म्हणून शंभर ग्रॅम वेफरमध्ये साधारणतः ३० ते ३५ ग्रॅम स्निग्धांश व पाचशेहून अधिक उष्मांक भरतात. त्यावर मीठ, आंबटगोड मसाला आणि तो कुरकुर आवाज! एका वेफरवर हात थांबत नाही, यात मुलांचा दोष तो काय?

कोणी म्हणेल, केळ्याचे वेफर ठेवावेत. जरूर ठेवावेत; कंदमुळाचा दोष त्याने टळेल. परंतु तळणाचे तेल व मीठ तेथेही तेवढेच, हे ग्राहकापासून लपवू नये. शिवाय पाकिटावरील हिरवा ठिपका केवळ शाकाहार सांगतो. मसाल्यातील कांदा-लसणाची भुकटी घटकांच्या यादीतच शोधावी लागते.

शास्त्रकारांनी श्रावकास पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्याअर्थी धंदा आणि धर्म यांची खाती त्यांनी वेगळी मानली नाहीत. वेफर विकणे उद्यापासून बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. भाडे व नोकरांचे पगार आम्हांसही ठाऊक आहेत. मात्र माळा मुलांच्या हाताच्या उंचीवरून हलवाव्यात, त्या जागी खाकरे, भाजलेले चणे व कुरमुरे मांडावेत, आणि संघाच्या समारंभांत तरी वेफरची पाकिटे वाटू नयेत, एवढी आमची नम्र विनंती आहे. जे आपण स्वतःच्या ताटात घेत नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या हाती देताना व्यापाऱ्याचा हात क्षणभर तरी थबकावा.