पाणी घाला आणि चालवा!

माणसाला फुकट सल्ले सगळ्यात जास्त केव्हा मिळतात? पडसं झाल्यावर, मुलाचं लग्न जमत नसल्यावर आणि जुन्या मोटारीखाली ओल दिसल्यावर. पहिल्या दोन बाबतींत सल्लागारांत मतभेद तरी असतात. तिसऱ्या बाबतीत मात्र सबंध महाराष्ट्र एकमुखाने सांगतो, "पाणी घाला आणि चालवा!" माझं भांडण आहे ते या एकमताशी.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी-भगिनींनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईचा निरोप घेतला, तेव्हापासून हिला पाहून लोक हळवे होतात. बॉनेटवरून हात फिरवतात, उसासा टाकतात, मग खाली वाकून म्हणतात, "गळतेय वाटतं. पाणी घाला."

आता, गळक्या पिंपात पाणी भरत राहणं याला दुरुस्ती म्हणतात का? (आमच्या सोसायटीत म्हणतात, पण ते सोडा.) अहो, रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नसतंच मुळी. निदान नसावं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं ते कूलंट असतं. नुसतं पाणी उकळतं १०० अंशांना, हे मिश्रण सुमारे १०७ ला. आणि झाकणाने दाब धरला की आणखी वर. शिवाय गंज धरू नये म्हणून त्यात औषधं असतात. तुम्ही रोज तांब्याभर पाणी ओतलंत की आठवड्याभरात उरतं काय? दूधवाल्याने हेच केलं तर आपण त्याची सात पिढ्यांपर्यंत चौकशी करतो! आणि पाणी तरी कुठलं? बोअरिंगचं. बंबाच्या पोटात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. मग गाडी बोरघाटात तापते, इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि सल्लागार म्हणतात, "पाणी घातलं नव्हतंत का?"

दुसरा पंथ हळदीचा. "रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका, भोक बुजतं." बुजतं ना! फक्त हळदीला कुठलं भोक बुजवायचं ते कोण सांगणार? ती बारीक नळ्याही त्याच निष्ठेने बुजवते. हळद दुधात घाला, नवरदेवाला लावा. मोटारीचं लग्न लावायचं नाही आहे.

तिसरे थर्मोस्टॅट काढणारे. "आपल्याकडे कशाला लागतो हो तो? थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो." इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरायचं आणि ८०-९० अंशांच्या सुमारास वाट मोकळी करायची, एवढं त्या बिचाऱ्याचं काम. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. गळती होती तिथेच राहते, हे वेगळं सांगायला नकोच.

पण माझा खरा राग आहे तो चौथ्या जातीवर. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन खोलावं लागेल. चाळीस हजार धरा." मी विचारलं, "पण गळतंय कुठून?" तर म्हणतो, "साहेब, जुनी गाडी आहे!" हे काय उत्तर झालं? वय ही काही गळण्याची जागा नव्हे! सगळे होजपाइप एका वयाचे असतात, तरी फुटतो एखादाच. जुनी माणसं आणि जुन्या मोटारी यांना 'वय झालं' म्हणून तपासायचंच नाही, ही जी सोय लोकांनी करून ठेवली आहे ना, ती मला मुळीच मान्य नाही. (माझंही वय झालंय, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.)

शोधायला लागतं तरी काय? रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरा. सकाळी डाग कुठल्या भागाखाली पडला ते दिसतं. हिरवट, बोटाला बुळबुळीत लागला तर कूलंट. काळा असला तर ऑइल. मग इंजिन गार असताना, गारच असताना (गरम झाकण उघडलंत तर तोंड भाजेल), रेडिएटरच्या तोंडाला एक हातपंप लावायचा. त्याला दाबाचा काटा असतो. झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब भरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरू लागला की बॅटरी घेऊन फिरायचं: पाइपांची टोकं, क्लिपा, रेडिएटरचे सांधे, वॉटरपंप. बाहेर कुठेच थेंब नाही आणि काटा मात्र उतरतोय, तर दुखणं आत आहे. ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय का, ते पाहायचं. तेव्हा खुशाल इंजिन खोला, मी पाने हातात देईन!

आमच्या गाडीचं दुखणं एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पाव तासात शोधलं. वॉटरपंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब येत होता. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतला सील झिजला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून. म्हणजे पंप बिचारा तोंडाने सांगत होता की मला काय झालंय. एका शहाण्याने ते भोकच बुजवायचं सुचवलं होतं!

मिस्त्रींनी सील बदलला, रेडिएटर धुतला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्म भरलं. जुनं कूलंट डब्यात बंद करून म्हणाले, "साहेब, हे गटारात नका ओतू. गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आन् मरतात." ते खरंच आहे, मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या जिन्याखाली मांजरीने चार पिल्लं घातली आहेत. 'गळू द्या हो, पाणीच तर आहे' म्हणणाऱ्यांनी त्यांची नावंही ठेवली आहेत.

चाळीस हजारांच्या इंजिनकामाऐवजी मिस्त्रींनी जे बिल केलं, त्यात आमच्याकडे महिन्याचा किराणाही येत नाही. वर्तमानपत्र आता कोरडं निघतं. झिजलेला सील मी काडेपेटीत ठेवलाय. 'वय झालं' असं कोणी म्हणालं, की उघडून दाखवतो. परवा शेजारच्या काकांना दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला केलात? पाणी घालायचंत."