जनजागृतीचे व्याकरण

'जनजागृती' हा शब्द मला मुळातच संशयास्पद वाटत आला आहे. जन झोपलेले आहेत आणि त्यांना उठवणारा कोणी एक जागा आहे, ही वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. पावसाळा लागला की ऐरोलीच्या सेक्टरांमधून डेंग्यू-मलेरियाचे फलक लागतात. मजकूर कोणत्याही शहराचा, कोणत्याही वर्षाचा असू शकतो: नागरिकांनी दक्षता घ्यावी, परिसर स्वच्छ ठेवावा, पाणी साठवू नये. तीन विध्यर्थी क्रियापदांत रोगाची सारी जबाबदारी वाचणाऱ्याच्या दारात येऊन पडते.

'पाणी साठवू नये' हे वाक्य मुळात गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीला उद्देशून आहे. (त्या टाकीतही पाणी साठलेलेच असते, ही गोष्ट अलाहिदा.) चिंचपाडा किंवा यादवनगर अशा वस्तीत, जिथे पाणी येईल तेव्हा भरून ठेवावे लागते, त्या घरातल्या बाईला पाणी साठवू नका म्हणणे म्हणजे घर चालवू नका म्हणणे. ती फलक वाचते आणि पुढे जाते. तिच्या या पुढे जाण्याला मग आपण 'अज्ञान' असे नाव देतो.

तिला सांगण्यासारखे खरे तर पुष्कळ आहे. डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि चावतो तो मुख्यतः दिवसा. त्याची अंडी पिंपाच्या आतल्या बाजूस, पाण्याच्या रेषेलगत चिकटून बसतात. भांडे कोरडे पडले तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून पिंप नुसते ओतून भागत नाही, ते आतून घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा. एरवी तोंडाला कापड घट्ट बांधलेले बरे. एवढ्या मजकुराला फलकावर जागा नसते असे म्हणवत नाही. पुढाऱ्यांचे चेहरे तिथे ऐसपैस मावतात.

कोरोनाच्या काळात हेच व्याकरण अधिक निबर झाले. 'सोशल डिस्टन्सिंग'चे 'सामाजिक अंतर' करताना, विटाळाचे अंतर पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या या समाजात त्या जोडशब्दाचा काय अर्थ होतो, हे कोणाला खटकले नाही. जागतिक आरोग्य संघटना मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणू लागली होती. आपण मात्र दलित साहित्याचे तास ऑनलाइन घेत होतो, आणि तासाच्या सूचनेत 'सामाजिक अंतर पाळा' असेच लिहीत होतो. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली. पथके घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासत होती. म्हणजे काम सार्वजनिक, मोलाचे. नाव मात्र खासगी. शासनाने स्वतःचे काम केले आणि षष्ठी विभक्तीने ते तुमच्या पदरात टाकले.

कोणी म्हणेल, माणसे मरत असताना शब्दांचा कीस कसला काढता? त्यांनी १८९७ चे पुणे आठवावे. साथरोगाचा कायदा त्याच वर्षी झाला आणि रँडच्या प्लेग समितीचे गोरे शिपाई घराघरांत शिरले. लोकांनी रोगी लपवले. त्याचे खापर अडाणीपणावर फोडणे सोपे आहे. पण शिपायाच्या तोंडून आलेले वाक्य लोकांना नीट समजले होते, म्हणूनच त्यांनी रोगी लपवले. आणि पुढे 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द ऐकून गावेच्या गावे माळावर झोपड्या बांधून राहू लागली. त्यात कर्ता होता, क्रिया होती, काय करायचे ते उघड होते. उपदेश तेवढा नव्हता.

आपल्या व्यावहारिक मराठीच्या पेपरात 'साथीच्या रोगासंबंधी माहितीपत्रक तयार करा' असा प्रश्न येतो. 'दक्षता घ्यावी' लिहिणाऱ्याला आपण गुण देतो. मीही दिले आहेत. पिंप आतून का घासायचे, हे लिहिणारी उत्तरपत्रिका अजून माझ्या हाती आलेली नाही, आणि ती यावी असे मी वर्गात काही शिकवलेलेही नाही.