लिंडे म्हणजे केवळ फ्रिज नव्हे



कार्ल फोन लिंडे यांचे नाव निघाले की लेख फ्रिजपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्यांच्या कंपनीच्या इतिहासावर हा अन्याय आहे.

म्युनिकमध्ये शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने १८७९ साली नोकरी सोडून वीसबाडेनला बर्फयंत्रांची कंपनी काढली. पहिली मोठी गिऱ्हाइके बिअर बनवणारी. पण कंपनीचे खरे कर्तृत्व पुढचे आहे. १८९५ मध्ये लिंडेंनी हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करून दाखवली, १९०२ साली तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढला आणि १९१० मध्ये त्यासाठी एकावर एक असा दुहेरी स्तंभ उभा केला. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ अंशांना. सारा खेळ या तेरा अंशांचा. खालच्या स्तंभात दाब जास्त असतो. तिथला नायट्रोजन द्रव होताना जी उष्णता सोडतो, तिच्यावरच वरच्या स्तंभातला ऑक्सिजन उकळतो. त्यासाठी वेगळी भट्टी लागत नाही! ऑक्सिजनचे मोठे कारखाने आजही याच मांडणीवर चालतात.

मालकी मात्र फिरत राहिली. १९०७ मध्ये लिंडेंनी अमेरिकेत काढलेली कंपनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हातची गेली आणि युनियन कार्बाइडचा भाग झाली. भोपाळच्या वायुदुर्घटनेमुळे आपल्याला ठाऊक असलेली तीच युनियन कार्बाइड. तिच्यातून १९९२ मध्ये प्रॅक्सएअर वेगळी झाली आणि २०१८ मध्ये ती पुन्हा लिंडेशी जोडली गेली.

हे सारे महाराष्ट्राला दूरचे वाटू नये. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत रुग्णालयांना ऑक्सिजन कमी पडला तेव्हा, कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे निघाले आणि द्रवरूप ऑक्सिजन भरून नागपूर, नाशिकला परतले. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असताना टंचाई कसली, असे तेव्हा अनेकांना वाटले. हवा फुकट आहे. ती द्रवरूप करणारे कॉम्प्रेसर, उंच स्तंभ, वीज आणि उणे १८३ अंशांचा द्रव वाहून नेणारे टँकर फुकट नाहीत. असा कारखाना आठवड्याभरात उभा राहत नाही. पोलाद बनवायला ऑक्सिजन लागतो म्हणून विशाखापट्टणमला असा कारखाना आधीपासून होता, हे नशीब.

आपल्या अंकात लिंडेंवर पुन्हा लेख आला, तर त्यात या स्तंभाची आकृती आणि त्या टँकरांचा प्रवास यांना जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक