आवाज मोठा हवा की जवळ?

वाचकहो, गणेशोत्सवाच्या तोंडावर दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांची गर्दी असते. त्या गर्दीत यंदा एक निराळाच प्रश्न माझ्यापुढे आला. अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातील, सध्या नवी मुंबईत नोकरी करणारा तरुण मोबाइलवर तीन-चार छोट्या स्पीकरची चित्रे दाखवीत म्हणाला, "डॉक्टरकाका, आजोबांना टीव्हीचं नीट ऐकू येत नाही. घरात तीन खोल्यांत एकमेकांशी जोडलेले हे वायरलेस स्पीकर लावायचं ठरवलंय. यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा कोणता घेऊ?"

स्पीकर निवडून देणे हे काही डॉक्टरचे काम नव्हे. तरीही त्याचा प्रश्न मला अस्थानी वाटला नाही. घरात वाजणारी प्रत्येक वस्तू अखेर कुणाच्या तरी कानात जाते, आणि कान हा माझ्या कामाचा भाग आहे. मी त्याला म्हटले, "स्पीकर नंतर. आधी आजोबांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त तांडेल. उमेदीची सारी वर्षे होडीच्या डिझेल इंजिनाच्या धडधडाटात गेलेली. घरी टीव्हीचा आवाज ते इतका वाढवीत की दहावीतल्या नातीला अभ्यास करता येईना. म्हणून घरच्यांनी टीव्ही आणि आजोबा, दोघांचीही रवानगी मागच्या खोलीत केली होती. हेतू वाईट नव्हता. पण ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणारा हा माणूस हळूहळू एकटा पडत चालला होता. मी विचारले, "बाबा, नेमका त्रास काय होतो?" ते म्हणाले, "आवाज येतंय, पन कलत नाय."

वाचकहो, वाढत्या वयातील श्रवणदोषाचे याहून अचूक वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेले नाही.

आधी कान, मग दुकान

वयोमानाने किंवा वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने कान अधू होतो, तेव्हा सर्वच स्वर सारखे कमी होत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे स्वर जातात. आपल्या बोलण्यातील आ, ओ, उ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते भरदार असतात. ते ऐकू येत राहतात. परंतु स, श, फ, थ, ख ही व्यंजने नाजूक आणि उंच पट्टीची. ती निसटली की 'साठ' आणि 'पाठ' यांतला फरक कळेनासा होतो. बोलण्याचा गलका पोहोचतो, अर्थ पोहोचत नाही. अशा वेळी नुसता आवाज वाढविला तर आधीच ऐकू येणारे स्वर अधिक मोठे होतात आणि नाजूक व्यंजने त्यांच्याखाली दबून जातात. शिवाय अशा कानाची सहनशक्तीही कमी झालेली असते. म्हणूनच "मोठ्याने बोल" म्हणणारे आजोबा पुढच्याच क्षणी "ओरडतोस कशाला?" म्हणतात. तो हट्टीपणा नसून कानाचा दोष असतो.

म्हणून ज्या घरात कुणा एकासाठी टीव्हीचा आवाज वाढत चालला आहे, तेथे पहिला खर्च कानाच्या तपासणीवर व्हावा. आमच्या या आजोबांच्या एका कानात मळाचा घट्ट बोळा होता. तो नीट काढल्यावर थोडा फरक पडला. (तो घरी आगपेटीच्या काडीने वा केसांच्या पिनेने काढू नये, आणि कानात गरम तेलही ओतू नये. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानात बुरशी धरण्याचे प्रमाण पुष्कळ असते. तेलाने ती बळावते.) उरलेला दोष किती, हे श्रवणआलेखावरून कळले. दोन्ही कानांत उंच पट्टीचे स्वर बरेच कमी झाले होते. यावर उपाय श्रवणयंत्राचा. ही तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर याच कामासाठी आहे.

एक इशारा येथेच देतो. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर "सर्दीने बसला असेल" म्हणून वाट पाहू नये. ही तातडीची बाब आहे. उपचार जितके लवकर, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत सुरू होतील, तितकी श्रवणशक्ती परत येण्याची आशा अधिक. कानातून स्राव, चक्कर किंवा एकाच कानात सतत आवाज येणे, यांसाठीही डॉक्टरांना भेटावे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १२ कारणांची यादी प्रसिद्ध केली. त्यात श्रवणदोषाचा समावेश होता. २०२४ च्या सुधारित यादीतही तो आहे. ज्याला ऐकू येत नाही तो बोलण्यातून बाहेर पडतो आणि बोलण्यातून बाहेर पडलेला माणूस मनानेही मागे सरतो. मागच्या खोलीचा धोका हा असा असतो.

अंतराचे गणित

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. सर्वांत मोठ्या आवाजाचा स्पीकर हवा काय? माझे उत्तर असे: आवाज मोठा नको, जवळ हवा.

मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे बारा फुटांवरील टीव्हीऐवजी तीन फुटांवर छोटा स्पीकर ठेवला, तर तेवढ्याच ऐकू येणाऱ्या आवाजासाठी सुमारे १२ डेसिबल कमी पुरतात. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने हा फरक थोडा कमी होतो, तरी लाभ मोठा असतो. आजोबांना स्पष्ट ऐकू येते आणि शेजारच्या खोलीतील नातीच्या पुस्तकापर्यंत तो आवाज पोहोचत नाही. अनेक खोल्यांतील छोट्या, जोडलेल्या स्पीकरचा खरा उपयोग मला एवढाच दिसतो: एका खोलीतून सारे घर दणाणून सोडण्याऐवजी, ज्याला ऐकायचे त्याच्याजवळ, हव्या तेवढ्या मंद आवाजात ऐकविता येते.

याच कारणाने खोक्यावरील वॅटच्या आकड्याला भुलू नये. वॅट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. २० वॅट आणि ४० वॅट यांतील फरक किमतीत जितका जाणवतो, तितका कानाला जाणवत नाही.

दुकानात काय पाहावे

ज्याच्यासाठी स्पीकर घ्यायचा त्याला सोबत न्यावे. दुकानदार बहुधा ठेक्याचे गाणे लावून दाखवितो. आपण त्याला मराठी बातम्या लावण्यास सांगावे आणि आवाज मंद ठेवून ऐकावे. शब्द सुटे कळतात का? नुसती घुमणारी खर्जाची बाजू व्यंजनांना झाकून टाकते. खर्ज कमी करण्याची वा संवाद स्पष्ट करण्याची सोय असेल तर ती ज्येष्ठांच्या फार उपयोगी पडते.

नंतर टीव्हीला जोडून निवेदकाच्या ओठांकडे पाहावे. ब्लूटूथने आवाज पोहोचण्यास किंचित विलंब लागतो. ज्याला कमी ऐकू येते तो नकळत ओठ वाचत असतो; ओठ आधी आणि शब्द मागून आले की त्याचा गोंधळ वाढतो. टीव्हीसाठी म्हणूनच तारेने जोडता येणारा स्पीकर बरा.

दोन खोल्यांत एकच कार्यक्रम लावायचा असेल, तर सर्व स्पीकर एकाच पद्धतीचे, वायफायवर एकत्र चालणारे असावेत. वेगवेगळ्या बनावटीचे ब्लूटूथ स्पीकर मागेपुढे वाजतात आणि त्या प्रतिध्वनीत भजनही कळत नाही, बातमीही नाही. आपल्याकडील चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय बऱ्याच प्रमाणात अडवितात. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. राउटरवर दोन पर्याय असतील तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झच्या तुलनेने भिंतींपलीकडे चांगला पोहोचतो.

आवाज कमी-अधिक करण्याची कळ स्पीकरवरच, मोठी आणि हाताला लागणारी असावी. प्रत्येक वेळी मोबाइल शोधावा लागला तर ती वस्तू आजी-आजोबांची राहत नाही, नातवाची होते. कमाल आवाजाला मर्यादा घालता येते का, हेही विचारावे. स्पीकरमध्ये मायक्रोफोन असल्यास तो बंद करण्याची कळ असावी. घरातील बोलणे घरातच राहावे.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी स्पीकर छातीशी धरू नये, उशीजवळ ठेवून झोपू नये. त्यातील चुंबकापासून निदान १५ सेंटीमीटर अंतर असावे. तान्ह्या बाळाला झोपविण्यासाठी संगीत लावणाऱ्या आयांनी स्पीकर पाळण्यापासून सात फूट दूर व अगदी मंद ठेवावा.

किनाऱ्यावरचे घर

आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा टिकत नाही, तेथे स्पीकर किती टिकणार? खोक्यावर आयपी ६७ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. परंतु ही पाण्याची परीक्षा गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नव्हे. समुद्राकडील खिडकीत स्पीकर ठेवू नये. अधूनमधून ओलसर व मग कोरड्या फडक्याने पुसावा.

दुसरी गोष्ट विजेची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेली की वायफायही जाते आणि त्यावर चालणारा महागडा स्पीकर मुका होतो. म्हणून घरातला एक तरी स्पीकर बॅटरीचा असावा. आणि हे सारे घेतल्यावरही सेलवर चालणारा साधा रेडिओ भंगारात देऊ नये. वादळात आकाशवाणीवरील सूचना ऐकवील तो तोच.

शांततेची खोली

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपणांपैकी अनेकांनी बाहेरून पाहिली असेल. ही वेधशाळा पूर्वी मुंबईत कुलाब्यास होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे सूक्ष्म नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये ती अलिबागेत आणली गेली. पृथ्वीची बारीक स्पंदने टिपायची तर भोवतालचा कल्लोळ दूर हवा, इतका साधा तो विचार. कानाचेही तसेच आहे. त्यालाही विसावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित; मुलांसाठी ही पातळी ७५. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. घरी मोजमाप नसेल तर सोपी कसोटी अशी: हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर स्पीकर कमी करावा. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती मिरवणुकीस लागू आहे, तशी शनिवार-रविवारी पाहुण्यांनी भरणाऱ्या आपल्या बंगल्यांनाही. स्पीकर कितीही खोल्यांत लावा. एक खोली, शक्यतो झोपण्याची, मोकळी ठेवा.

त्या तरुणाने अखेर तीनऐवजी एकच छोटा स्पीकर घेतला आणि उरलेले पैसे आजोबांच्या श्रवणयंत्रासाठी ठेवले. यंत्र कानाला सवयीचे होण्यास वेळ लागला. पहिल्या महिन्यात भांड्यांचा आवाजही टोचतो, अशी तक्रार घेऊन आजोबा दोनदा येऊन गेले. यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागली. अजूनही गर्दीत सारेच कळत नाही, आणि तसे वचन मी दिलेही नव्हते. परंतु टीव्ही आता पुन्हा पुढच्या खोलीत आला आहे. स्पीकर आजोबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर असतो, नात शेजारीच अभ्यास करते, आणि बातम्या संपल्यावर तो बंद करून ते ओटीवर येऊन बसतात.

आपल्या घरी स्पीकर घेण्याचे ठरत असेल तर किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारा: हा कुणाच्या कानासाठी? उत्तर मिळाले की त्या माणसाला आधी तपासून घ्या, मग स्पीकर त्याच्याजवळ ठेवा. आणि दिवसातला थोडा वेळ स्पीकर बंद करून आपणही त्याच्याजवळ बसा. समोरून, सावकाश, न ओरडता बोललेला शब्द अधू कानालाही बहुधा कळतो.